ओरेगॉन ट्रेलच्या कडेचे दगड आणि फलक : चुकलेल्या फाट्यापासून सुरुवात

चाकोरी (मूळ लेख)

मागच्या उन्हाळ्यात वायोमिंग राज्यातील २८ क्रमांकाच्या महामार्गाने आम्ही साउथ पास या खिंडीकडून फार्सन गावाकडे निघालो होतो. वाटेत रस्त्याच्या कडेला एक थांबा लागला आणि तेथे ‘पार्टिंग ऑफ द वेज’, म्हणजे वाटा फुटण्याची जागा, असा फलक दिसला. ओरेगॉन ट्रेल ही जुनी गाडीवाट येथे दुभंगते, उजवीकडची वाट सब्लेट कटऑफ नावाची आडवाट आहे आणि डावीकडची फोर्ट ब्रिजर या ठाण्याकडे जाणारी मुख्य वाट आहे, असे त्यावर म्हटले होते. समोर सेजब्रशच्या खुरट्या, राखाडी झुडपांमधून दोन चाकोऱ्या खरोखरच एकमेकींपासून दूर जात होत्या. मी मुलांना त्या चाकोऱ्यांच्या बेचक्यात उभे करून छायाचित्र काढले. येथे माणसांनी गाड्या थांबवून कोणत्या वाटेने जायचे ते ठरवले, बरोबर आलेली कुटुंबे येथे एकमेकांचा निरोप घेऊन वेगळी झाली, असे त्यांना समजावून सांगितले. परत गाडीकडे येताना जवळचा दुसरा फलक वाचला तेव्हा कळले की ही ती जागाच नव्हे. खरा फाटा तेथून पश्चिमेला सुमारे दहा मैलांवर आहे आणि आम्ही पाहिलेल्या चाकोऱ्या नंतरच्या काळात ग्रीन रिव्हर स्थानकाकडे जाणाऱ्या टपालगाड्यांच्या रस्त्याच्या आहेत.

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स गावापासून ओरेगॉन सिटीपर्यंत ही वाट सुमारे २,१७० मैलांची, म्हणजे जवळजवळ ३,५०० किलोमीटरची आहे. १८४० ते १८६० च्या दशकांत तीन ते चार लाख माणसे ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि उटाकडे या वाटेने आणि तिच्या फाट्यांनी गेली, असा अंदाज आहे. गाडीत पीठ, सुके मांस, अवजारे आणि अंथरुणे एवढे भरलेले असे की धडधाकट माणसे बहुतेक अंतर गाडीच्या बाजूने पायीच चालत. दिवसाला बारा-पंधरा मैल आणि एकूण चार ते सहा महिने, असा तो प्रवास होता.

फाट्यावरचा निर्णय साधा नव्हता. फोर्ट ब्रिजरची वाट लांबची, पण पाण्याला धरून जाणारी होती. सब्लेट कटऑफने काही दिवस वाचत, मात्र बिग सँडी नदी सोडली की ग्रीन नदी येईपर्यंत चाळीसहून अधिक मैल पाणी नसे. त्यामुळे माणसे बिग सँडीवर पिंपे भरून घेत, बैलांना पोटभर पाजत आणि उन्हे उतरल्यावर निघून रात्रभर चालत राहत. बैलांनी दम तोडला तर पुढे काय होणार हे प्रत्येकाला माहीत असे. हे सगळे मनात असताना आपण चुकीच्या जागी उभे होतो, हे कळल्यावर मला वाईट वाटले हे खरे.

नंतर मात्र मला एक गोष्ट फार आवडली. चुकीचा फलक कोणी उखडून फेकला नाही. त्याच्याशेजारी दुसरा लावून चूक काय झाली ते स्पष्टपणे लिहिले. तेव्हापासून मी प्रत्येक फलकापाशी दोन साले शोधतो. एक ज्या घटनेबद्दल तो सांगतो तिचे आणि दुसरे तो ज्या वर्षी उभा राहिला त्याचे. दुसरे साल बहुधा खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत, देणगीदाराच्या नावासोबत असते. ते वाचल्याशिवाय वरचा मजकूर पुरता कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. या वाटेवरचे असे कोणते दगड तुम्ही पाहिले आहेत आणि त्यांवर काय वाचलेत, ते कृपया लिहावे.

माळरान

लेख आवडला. या वाटेवर गाड्या चालत होत्या त्या काळात असे दगड कोणी रोवले नसणार. मग ही पद्धत कोणी आणि कधी सुरू केली? सरकारी काम होते की लोकांचे?

पायवाट

माळरान, सुरुवात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने केली आणि त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही.

एझ्रा मीकर १८५२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पत्नी आणि तान्ह्या मुलासह आयोवाहून बैलगाडीने पश्चिमेला गेला. पुढे वॉशिंग्टन राज्यातील प्युॲलप येथे त्याने हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांची, शेती केली, मोठा पैसा मिळवला आणि तो गमावलाही. म्हातारपणी त्याच्या लक्षात आले की वाट नांगराखाली आणि कुंपणांआड जात आहे आणि ती कोठून गेली हे सांगू शकणारी माणसे एकेक करून जात आहेत. म्हणून २९ जानेवारी १९०६ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तो ट्विस्ट आणि डेव्ह या बैलांची जोडी गाडीला जुंपून उलट दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाला. गावोगावी थांबायचे, व्याख्यान द्यायचे, लोकांना वर्गणी काढायला लावायची आणि वाटेच्या जागी दगड बसवून घ्यायचा, असा त्याचा क्रम होता. काही गावांत शाळकरी मुलांनीही आपली नाणी दिली. वॉशिंग्टन राज्यातील टेनिनो येथला दगड या मालिकेतील अगदी सुरुवातीचा आहे.

साउथ पासवर गाव नव्हते, त्यामुळे वर्गणीही नव्हती. तेथे त्याने त्याच परिसरातील दगडावर ‘ओल्ड ओरेगॉन ट्रेल १८४३-५७’ एवढीच अक्षरे कोरून घेतली. तो दगड आजही तेथे आहे. नेब्रास्कात ब्रेडी गावाजवळ ट्विस्ट बैल मेला. पुढे मीकरने डँडी नावाचा दुसरा बैल घेऊन डेव्हच्या जोडीला जुंपला आणि थेट देशाची राजधानी गाठली. २९ नोव्हेंबर १९०७ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः बाहेर येऊन ती बैलजोडी पाहून गेले. डेव्ह आणि डँडी यांची पेंढा भरून जतन केलेली शरीरे मी टकोमा येथील राज्य इतिहास संग्रहालयात पाहिली आहेत. काचेपलीकडे त्यांच्या रुंद शिंगांकडे पाहताना मला आमच्या घरच्या गोठ्याची आठवण होऊन गलबलून आले होते.

सरकारी पैसा मिळवण्यासाठी मीकरने पुष्कळ खटपट केली, पण फार यश आले नाही. १९२६ मध्ये मात्र काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मंजुरीने ओरेगॉन ट्रेलच्या स्मरणार्थ अर्ध्या डॉलरचे नाणे निघाले आणि त्याच्या विक्रीतून दगड उभारण्यासाठी पैसे जमवायचे ठरले. मीकर डिसेंबर १९२८ मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास काही आठवडे राहिले असताना वारला. दरम्यान राज्यांनीही काम हाती घेतले होते. नेब्रास्कात राज्याचे सर्वेक्षक रॉबर्ट हार्वे यांनी जुन्या मोजणीच्या नोंदींवरून वाटेच्या जागा निश्चित केल्या आणि ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या स्त्रियांच्या संस्थेने ग्रॅनाइटचे दगड बसवण्यात मोठा वाटा उचलला. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की आधी लोक आले आणि सरकार मागाहून आले.

ऐरण

नेब्रास्कात स्कॉट्सब्लफ गावाजवळ रेबेका विंटर्स या स्त्रीचे थडगे आहे. त्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण त्यावरची खूण दगडाची नाही, ती बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आहे.

रेबेका विंटर्स आपल्या कुटुंबासह उटाकडे निघाली होती. १५ ऑगस्ट १८५२ रोजी पटकीने तिचा मृत्यू झाला. त्या वर्षांत प्लॅट नदीच्या काठाने पटकीने असंख्य माणसे गेली. सकाळी चालता असलेला माणूस संध्याकाळी पुरावा लागत होता. थडग्यावर रोवलेल्या लाकडी फळ्या दोन-तीन पावसाळ्यांत कुजून जात. कित्येकांनी तर लांडग्यांनी उकरू नये म्हणून ताज्या मातीवरून मुद्दाम गाड्या चालवल्या, त्यामुळे खूण राहिलीच नाही. विल्यम रेनॉल्ड्स या कुटुंबाच्या मित्राने मात्र चाकाची एक लोखंडी धाव उचलली, तिच्यावर छिन्नीने ‘रेबेका विंटर्स, वय ५० वर्षे’ अशी अक्षरे ठोकून काढली आणि ती कमानीसारखी थडग्यावर रोवली.

माझे आजोबा लोहार होते आणि धाव चढवण्याचे काम मी लहानपणी त्यांच्या पायाशी बसून पाहिले आहे, म्हणून त्या अक्षरांसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. धाव म्हणजे बोटाएवढ्या जाडीची पट्टी वाकवून, टोके जोडून केलेले कडे. तिचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की दोघे-तिघे सांडशीने उचलून चाकावर बसवतात, घण घालून खाली सारतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते आणि चाकाचे लाकडी पुठ्ठे, आरे व तुंबा असे काही एकमेकांत आवळले जातात की लाकूड कुरकुरते. असल्या लोखंडावर, थंड असताना, उघड्या माळावर अक्षरे कोरायची म्हणजे प्रत्येक रेघेला कितीतरी घाव लागतात. सगळा तांडा पुढे निघण्याच्या घाईत असताना त्या माणसाने हे केले.

त्या कोरड्या हवेत चाकांचे लाकूड सुकून आकसे आणि धावा सैल होत. मग ते लोक मुक्कामाला चाके काढून नदीत भिजत ठेवत किंवा धाव आणि लाकूड यांच्यामध्ये पाचरी ठोकत. आमच्याकडे चैत्र-वैशाखात शेतकरी अगदी हेच करत असत. त्यामुळे त्या प्रवासाचे मला जे कळले ते बरेचसे त्या धावेतून कळले.

लोखंड टिकले म्हणूनच पुढे रेल्वेची आखणी करणाऱ्यांना थडगे ओळखता आले. वंशजांचा शोध लागला आणि त्यांनी तेथे दगड बसवला. रूळ अगदी जवळून गेलेले असल्यामुळे पाहायला येणाऱ्यांना धोका होता, म्हणून १९९५ मध्ये थडगे रुळांपासून दूर हलवले गेले. धाव नव्या जागीही तशीच उभी आहे.

माळरान

ऐरण, हे वाचून पुढे काही लिहावेसेच वाटले नाही. मनापासून आभार.

नदीकाठ

फलकांच्या भाषेचा विषय येथे यायला हवा, असे मला वाटते.

१९ ऑगस्ट १८५४ रोजी फोर्ट लॅरामीच्या पूर्वेला, वाटेच्या कडेलाच असलेल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या तळावर लेफ्टनंट ग्रॅटन सुमारे तीस सैनिक आणि दोन तोफा घेऊन गेला. निमित्त एका प्रवाशाच्या गाईचे होते. ती तळात शिरली आणि तेथे पाहुणा आलेल्या एका माणसाने ती मारली. कॉन्करिंग बेअर हे लाकोटांचे प्रमुख भरपाई द्यायला तयार होते. ग्रॅटनला मात्र तो माणूस हवा होता. बोलणी फिसकटली, सैनिकांनी गोळीबार केला, कॉन्करिंग बेअर प्राणघातक जखमी झाले आणि त्यानंतरच्या चकमकीत ग्रॅटनची तुकडी मारली गेली. पुढच्या वर्षी ३ सप्टेंबर १८५५ रोजी जनरल हार्नी याने ॲश हॉलोजवळच्या ब्लू वॉटर ओढ्याकाठी लाकोटांच्या वस्तीवर हल्ला केला. त्यात ८६ लाकोटा मारले गेले आणि सुमारे ७० स्त्रिया व मुले पकडली गेली. मेलेल्यांतही स्त्रिया आणि मुले होती.

सैनिक मेले त्या घटनेला ‘ग्रॅटन कत्तल’ आणि स्त्रिया-मुले मेली त्या घटनेला ‘ॲश हॉलोची लढाई’ ही नावे पुढे कित्येक दशके रूढ राहिली. पायवाट यांनी उल्लेख केलेल्या नाण्यावरही एका बाजूला बैलगाडी पश्चिमेकडे चालली आहे आणि दुसऱ्या बाजूला एक मूळनिवासी माणूस हात पसरून उभा आहे. या वाटेची आठवण करून देणाऱ्या वस्तूंमध्ये त्या माणसांना एवढीच जागा मिळत आली, याचे मला मनापासून दुःख आहे. ‘पहिले’, ‘रिकामा प्रदेश’, ‘शत्रू’ असे शब्द ज्या फलकांवर आहेत ते बदलून नवे लावावेत. शेजारी दुरुस्तीचा फलक लावणे फाट्याच्या बाबतीत पुरेसे असेल, पण येथे ते पुरेसे नाही.

पायवाट

नदीकाठ, तुमच्या म्हणण्यातील तळमळ मला मान्य आहे, पण जुने दगड काढण्यास माझा विरोध आहे. साउथ पासवर मीकरच्या दगडाशेजारी दुसरा एक दगड आहे. ४ जुलै १८३६ रोजी ही खिंड ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया म्हणून नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग यांची नावे त्यावर आहेत. तो १९१६ मध्ये कॅप्टन निकरसन यांनी बसवला. ‘पहिल्या गोऱ्या स्त्रिया’ या तीन शब्दांत १९१६ चे मन जसेच्या तसे उतरले आहे. तो दगड काढला तर १८३६ बद्दल आपण काही गमावणार नाही, पण १९१६ बद्दलचा पुरावा जाईल.

चाकोरी

दोघांचेही म्हणणे वाचून मी दोन दिवस विचार केला. माझे मत दगड आणि फलक यांत फरक करावा असे झाले आहे. मीकरचा किंवा निकरसनचा कोरीव दगड ही आता स्वतःच ऐतिहासिक वस्तू आहे आणि ती जागेवर राहिली पाहिजे. महामार्गाच्या थांब्यावरचा धातूचा किंवा लाकडाचा फलक ही मात्र वाटसरूला माहिती देण्यासाठी केलेली सोय आहे. ती माहिती अपुरी किंवा अन्यायाची असेल तर तो फलक बदलावा, आणि आधी काय लिहिले होते ते नव्या मजकुरात नोंदवावे. नदीकाठ, ‘शेजारी दुसरा फलक’ हा माझा उपाय सगळीकडे पुरणार नाही, हे तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. दहा मैलांची चूक आणि एका समाजाला चुकीच्या नावाने ओळखण्याची चूक या एका मापाने मोजण्याच्या गोष्टी नाहीत.

नेवाडातील एक पद्धत मला या बाबतीत फार योग्य वाटते. तेथे ‘ट्रेल्स वेस्ट’ या स्वयंसेवी संस्थेने कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या वाटांवर रेल्वेच्या रुळांचे तुकडे इंग्रजी ‘टी’च्या आकारात जोडून खुणा उभ्या केल्या आहेत आणि त्यांवरच्या पट्टीवर त्या जागेबद्दल प्रवाशाने स्वतःच्या रोजनिशीत लिहिलेली वाक्ये दिली आहेत. पाणी कडू होते, बैल पडला, वाळू घोट्यापर्यंत होती, अशा प्रकारची ती वाक्ये आहेत. उभारणाऱ्याने आपले मत घातले नाही, बोलणारा माणूस तेथून गेलेला आहे. लाकोटा, शोशोनी, पायूट यांच्या आठवणीही अशाच त्यांच्या शब्दांत त्या त्या जागी याव्यात, असे मला वाटते.

माळरान

आम्ही डेन्व्हरला राहतो. हे सगळे वाचल्यावर तीन-चार दिवस काढून जायचे ठरवले आहे. कोठून सुरुवात करावी?

चाकोरी

माळरान, ओगलालाहून २६ क्रमांकाचा महामार्ग धरा. ॲश हॉलो, चिमणी रॉक, स्कॉट्सब्लफ अशी नॉर्थ प्लॅट नदीच्या सोबतीने वाट आहे आणि निळ्या रंगाचे राज्याचे फलक जागोजागी आहेत. रेबेका विंटर्सचे थडगे याच टप्प्यात येते. वायोमिंगमध्ये शिरल्यावर फोर्ट लॅरामी पाहा आणि गर्न्सी गावाजवळ नक्की थांबा. सपाटीवर गाड्या मैल-मैल रुंदीत पसरून चालत, त्यामुळे तेथे वाट म्हणून एक रेघ दाखवता येत नाही. गर्न्सीला मात्र नदीकाठच्या टेकाडाने सगळ्या गाड्या एकाच जागी आणल्या आणि वाळूच्या खडकात काही ठिकाणी पाच फूट खोल चाकोरी पडली आहे. तिच्यात उतरून उभे राहिले की दोन्ही बाजूंचा खडक छातीपर्यंत येतो. जवळच रजिस्टर क्लिफ आहे आणि पुढे इंडिपेन्डन्स रॉक. त्या खडकांवर प्रवाशांनी आपली नावे कोरली आहेत. वंगणाने रंगवलेली बहुतेक नावे पुसून गेली.

साउथ पासला जायचे असल्यास सकाळी लवकर निघा. महामार्गावरून कच्चा रस्ता आत जातो आणि पाऊस झालेला असेल तर तेथे गाडी घालू नका, चिखलात रुतल्यावर मदत मिळायला बराच वेळ लागतो. वाटेत जुने खिळे, बैलाच्या खुराची पत्री, लोखंडाचा तुकडा असे काही दिसले तरी ते उचलू नका. तो भाग केंद्र सरकारच्या जमिनीत आहे आणि तसे करणे गुन्हा आहे. खिंड म्हणून उंच कड्यांची अपेक्षा ठेवू नका. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक उंचीवर पसरलेले ते एक रुंद, मोकळे पठार आहे आणि चढ संपला कधी हे पायांना कळत नाही. कुंपणाच्या आत मीकरचा दगड आणि त्या दोघींचा दगड जवळजवळ आहेत. वारा फार असतो. उन्हे तिरपी असताना गेलात तर अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ती स्पष्ट वाचता येतात.